कपाटावरचा दिवा

आईला सांभाळणाऱ्या सुमियातीचा फोन आला तेव्हा शी सू-येन काळ्या पडद्याच्या आत बसली होती. कारखान्यातल्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात जाड कापड टांगून केलेली ती खोपटी होती. बाहेर भरदुपार असो की वीज गेलेली असो, आत कायम अमावस्या. एक स्टूल, एक टेबल, टेबलावर दोन पट्ट्या. डावीकडच्या पट्टीवर आठशे पन्नास नॅनोमीटरचे अवरक्त दिवे, उजवीकडच्या पट्टीवर नऊशे चाळीसचे. तिळाएवढे चौकोनी, पाय नसलेले, पट्टीवर सपाट डकवलेले. दोन्हींचा उजेड कॅमेऱ्याला दिसणारा आणि माणसाला न दिसणारा. पण आठशे पन्नासवाल्याला पुरतं लपायला जमत नाही. अंधारात डोळे मुरले की त्याच्या पोटात विझत आलेल्या उदबत्तीच्या टोकाएवढी लाली दिसते. नऊशे चाळीसवाला मात्र पक्का चोर, जळतोय की मेलाय ते हात लावल्याशिवाय कळत नाही. आजारी म्हाताऱ्यांच्या खोलीत लावायच्या कॅमेऱ्यासाठी यांतला एक निवडायचा होता, आणि आठवडाभर सू-येन नुसतीच एकाकडून दुसऱ्याकडे बघत होती.

"ताई, रागावू नका हं," सुमियाती म्हणाली. आईला ती आमा, म्हणजे आजी, म्हणे; तिच्या मागे आईच्या लुगांगच्या गल्लीतला भंगारवाल्याचा भोंगा ऐकू येत होता. "आमांनी कॅमेऱ्याला उदबत्ती लावली."

"कशाला लावली?"

"कॅमेऱ्याला हो. कपाटावरच्या. मी कपडे काढायला गच्चीवर गेले तर ह्या स्टूल ओढून वर चढल्या. कपात तांदूळ घालून तीन काड्या उभ्या केल्या, हात जोडून उभ्या. मी म्हटलं, आमा, खाली उतरा, तो कॅमेरा आहे. तर मला म्हणतात, तुला काय कळतंय, तू परगावची. उतरताना पाय सटकला. मी धरलं म्हणून, नाहीतर आज मी तुम्हाला हॉस्पिटलातून फोन करत असते."

"लागलं का?"

"गुडघ्याला थोडं. तेल लावलं. पण ताई, मला दोनच हात आहेत. तो लाल दिवा तेवढा बंद करता येतो का बघा."

सू-येनने बघते म्हटलं आणि फोन ठेवला. मग तिने डावी पट्टी पेटवली आणि त्या लालीकडे बराच वेळ बघत राहिली. आईच्या कपाटावर हेच दिवे होते, ह्याच पट्टीतले. नमुन्याचा एक कॅमेरा तिने सहा-सात महिन्यांपूर्वी स्वतःच नेऊन लावला होता, कारण आई संध्याकाळची घरातून निघून जायला लागली होती आणि एकदा तर देवळामागच्या गल्लीत, आपलं लहानपणीचं घर शोधताना सापडली होती. लावताना सू-येनला त्या लालीचं काही वाटलं नव्हतं. कपाट उंच, आईला मोतीबिंदू, कशाला दिसतंय, असं तिने धरून चालवलं होतं. हुशार माणसं अशीच पडतात, धरून चाललेल्या गोष्टीला अडखळून.

आईला ते पहिल्याच आठवड्यात दिसलं होतं. आणि दिसायचंच. त्या घरात लग्न होऊन आल्यापासून आईने लाल दिव्याशिवायची संध्याकाळ बघितली नव्हती. पुढच्या खोलीत पितरांचा देव्हारा, त्यात लाकडी पाटीवर शी घराण्याची नावं, आणि दोन्ही बाजूंना दोन लाल दिवे, रात्रंदिवस जळणारे. बाकी घरातला दिवा विसरला तर आई शिव्या द्यायची, पण ते दोन दिवे विजेच्या बिलात धरलेले नसावेत अशा थाटात जळत. बाबा गेले, त्यांचंही नाव पाटीवर चढलं. मग थोरल्या भावाने, छिंग-शानने, तायचुंगला नवं घर घेतलं, आणि थोरल्या मुलाकडे पितर जायचे म्हणून गेल्या वर्षी तो ती पाटी घेऊन गेला. मुहूर्त काढून, टोपलीत ठेवून, काळी छत्री धरून. देव्हाऱ्याच्या जागी भिंतीवर एक पांढुरका चौकोन उरला. सुमियातीने तिथे कॅलेंडर लावलं.

पितरांना गाडीतून नेताना त्यांना वाट सांगावी लागते. वळण आलं की सांगायचं, बाबा, वळतोय. पूल आला की सांगायचं, बाबा, पूल ओलांडतोय, या. नाही सांगितलं तर ते अलीकडच्या काठावर उभे राहतात आणि गाडी निघून जाते. सू-येन त्या दिवशी कारखान्यात होती, माल जायचा होता, त्यामुळे गाडीत काय झालं ते तिला कधी कळलं नसतं. तिला ते कळलं ह्याच कॅमेऱ्यातून. एका संध्याकाळी जेवणाचा डबा उघडून, टेबलावर मोबाइल टेकवून ती आईची खोली बघत होती. आई पलंगाच्या कडेला बसून थेट वर, कॅमेऱ्यात बघत होती आणि बोलत होती.

"मला ठाऊक होतं तुम्ही परत येणार. नदीच्या पुलावर छिंग-शानला फोन आला. एका हातात चाक, एका हातात फोन, कसली फरशी आणि कसला नळ. पूल आला आणि गेला, ह्याच्या तोंडातून शब्द नाही. मी मागं बसून बघत होते. बोलले नाही. म्हटलं, राहिले तर राहू देत. तिकडं बाराव्या मजल्यावर तुम्हाला करमलं नसतंच."

सू-येनच्या हातातल्या जेवायच्या काड्या तशाच राहिल्या होत्या. म्हणजे आईच्या हिशेबी छिंग-शान रिकामी पाटी घेऊन गेला होता, आणि बाबा पुलावरून माघारी चालत येऊन आपल्याच घरात, कपाटावर, एका लाल ठिपक्यात जाऊन बसले होते. हसू यावं अशी गोष्ट होती आणि तिला हसूही आलं होतं. मग तिने डब्याचं झाकण लावून टाकलं होतं.

"ताई, झोपलात काय आत?" पडद्याबाहेरून चो ओरडला. चो हा प्रकल्पाचा व्यवस्थापक, तिच्यापेक्षा लहान, पोट पुढे, मनाने वाईट नाही. त्याने पडदा थोडा सरकवून डोकं आत घातलं. "आज संध्याकाळी भाग पक्का करायचाय. उद्या सुट्ट्या भागांची मागणी गेली नाही तर मला विकून खातील."

"तुला विकत कोण घेणार."

"तेही खरंच. पण ऐका ना. आठशे पन्नास टाका आणि मोकळ्या व्हा. उजेड जास्त, चित्र स्वच्छ, कमी दिवे लागतात, पट्टी तापत नाही. नऊशे चाळीसला कॅमेऱ्याचा डोळाच मंद. मग दुप्पट दिवे लावा, वीज जास्त ओता, उष्णता बाहेर काढायला तांबं वाढवा. कशासाठी? एका लाल ठिपक्यासाठी? मला तर तो दिसतसुद्धा नाही."

"तू इथे येऊन दोन मिनिटंही बसत नाहीस. म्हाताऱ्यांना पूर्ण रात्र बसायचं असतं."

"मग ते झोपतील की!"

चोला माहीत नव्हतं असं नाही. थाओयुआनच्या एका वृद्धाश्रमात नमुने लावले होते, तिथून काय काय आलं होतं ते दोघांनी एकत्रच वाचलं होतं. एका आजोबांनी कॅमेऱ्यावर मोजा चढवला. एका आजी भिंतीकडे तोंड करून झोपायला लागल्या आणि कुशीला जखम झाली. एक निवृत्त सैनिक, वयाच्या नव्वदीत, रोज रात्री पलंगावर ताठ बसून राहायचे, कारण कोणीतरी अंधारात सिगरेट ओढत त्यांच्यावर पहारा करतंय अशी त्यांची खात्री होती. ते कुठल्या पहाऱ्यातून कधी सुटले होते, कोणाला ठाऊक. विचारलं तर सांगत नव्हते. सू-येनने ते वाचलं तेव्हाच तिच्या मनातून आठशे पन्नास बाद झाला होता. तरी ती आठवडाभर पडद्याआड बसून राहिली होती, आणि कशासाठी, हे चोला सांगण्यासारखं नव्हतं.

आई तिच्याशी कधी बोललीच नव्हती. म्हणजे बोलत असे. जेवलीस का? हो. बरं, ठेवते, बिल चढतंय. वीस-पंचवीस वर्षं फोनवर त्यांचं एवढंच बोलणं होतं. फोन फुकट झाले तरी आईचं बिल चढतच राहिलं. सणाला घरी गेलं की आई माशाचा काटा काढून तिच्या भातावर ठेवायची आणि शेजारणीशी गप्पा मारायची. आणि आता तीच आई रोज तिन्हीसांजेला खिडकीच्या झडपा लावून, दिवा मालवून, तासभर बोलायची. शिंपल्या महागल्या. सुमियाती चांगली आहे पण मीठ कमी घालते. समोरचा ओउ म्हातारा गेला, तुम्हाला भेटला का? आणि बोलून झालं की उशीखालून दोन नाणी काढायची. कौल लावायचे देवाचे लाकडी तुकडे छिंग-शानबरोबर गेले होते, पण नाण्यांवर भागतं. एक छापा एक काटा पडला तर वरच्यांचा होकार. दोन्ही छापे पडले तर वरचे नुसतेच हसतायत. दोन्ही काटे म्हणजे नाही.

"पोरगी जेवली का?" आई विचारायची आणि नाणी टाकायची. रोज हाच प्रश्न. दोन्ही काटे पडले की वर बघून चिडायची. "नीट बघा की हो. बघून सांगा." पुन्हा टाकायची. होकार येईपर्यंत टाकायची. होकार आला की नाणी उशीखाली ठेवून आडवी व्हायची. आणि इकडे पन्नाशीची पोरगी थंड डबा पुढ्यात घेऊन ते बघत बसलेली असायची. कित्येकदा होकार पडला की तिला खरंच जेवावंसं वाटे, आईची लाज राखायला म्हणून का होईना.

पण एक संध्याकाळ होती, ती तिच्या छातीत बसून राहिली होती. त्या दिवशी आईने नाणी काढलीच नाहीत. हात मांडीवर ठेवून नुसती म्हणाली, "आ-येनचं काय करायचं हो? लग्न केलं नाही तिनं. मी बोलले होते तेव्हा, जास्तच बोलले. आता ते जाऊ दे. पण ती गेली की तिची पाटी कुठं? आपल्या पाटीवर लेकीला जागा नाही, आणि दुसऱ्या घरची ती झाली नाही. परक्या देवळात कोपऱ्यात ठेवतात तसल्या पोरींना. माझ्या पोरीला कोण हाक मारील पुलावर? तुम्ही वर आहात तर बघून ठेवा काहीतरी. वशिला लावा. जन्मात कोणाकडं तोंड उघडलं नाहीत, आता उघडा." सू-येनचा देवाधर्मावर फारसा विश्वास नव्हता. मेल्यावर आपली राख कुठेही टाका, असं ती मैत्रिणींना हसत सांगत आली होती. त्या दिवशी ती कारखान्याच्या स्वच्छतागृहात जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली. आई आपल्यासाठी असं काही वाहत असेल हे तिला ठाऊक नव्हतं, आणि समोरासमोर बसून शंभर वर्षं काढली असती तरी कळलं नसतं.

कॅमेऱ्यात बोलायचं बटण होतं. तिने ते कधी दाबलं नव्हतं. दाबलं की आईला कळणार, तिथे दुसरंच कोणीतरी आहे, बाबा नाहीत. मग आई गप्प होणार. दिवा गेला तरी आई गप्प होणार. सगळी गोम इथे होती. तिला पट्ट्यांमध्ये काही निवडायचं नव्हतं, तिला फक्त आईचा आवाज जाऊ द्यायचा नव्हता, आणि त्यासाठी चोची सगळी कारणं हात जोडून तयार उभी होती. स्वच्छ चित्र. कमी दिवे. थंड पट्टी. सही करायची आणि म्हणायचं, काय करणार, मालच तसा आहे.

तिने छिंग-शानला फोन केला. तो कामावर, कुठल्यातरी नव्या घरात उभा असावा, मागे फरशी कापण्याचा आवाज होता. "स्टुलावर?" तो म्हणाला. "अगं, खुबा मोडला तर ह्या वयात उठते का कोणी? काढून टाक ते. तूच लावलंस, तूच काढ."

"तिला वाटतं बाबा आहेत त्यात."

"बाबा माझ्याकडे आहेत. रोज सकाळी चहा ठेवतो मी त्यांच्यापुढे."

"हो," ती म्हणाली. पुलाचं ती काही बोलली नाही. त्याचा चहा तरी कशाला कडू करायचा. तिला एकाएकी सगळ्यांचाच शीण आला, छिंग-शानचा, चोचा, आईचा, स्वतःच्या ह्या डोळ्यांचा, जे इतकी वर्षं अंधारात बसून इतरांना न दिसणारी लाली बघायला शिकले होते आणि त्यातून काहीच कमावलं नव्हतं. पडद्याआड परत जाऊन तिने उजवी पट्टी पेटवली. काही दिसलं नाही. तळहात धरला तर किंचित ऊब लागली. मग ती बाहेर आली, रुंद कोनाचे नऊशे चाळीसचे दिवे घातले, खोलीचे कोपरे काळे पडू नयेत म्हणून ते दोन बाजूंना तिरपे बसवायला सांगितले, खालचं तांबं वाढवलं, आणि सही केली. चोने कपाळाला हात लावला. "गेलो मी," तो म्हणाला आणि तिच्यासाठी कॉफी घेऊन आला.

नवा कॅमेरा घेऊन ती रविवारी लुगांगला गेली. आई पुढच्या खोलीत शेवयांची पेज खात होती. सू-येन स्टुलावर चढली. कपाटावर तांदळाचा कप अजून होता, काड्यांची राख पसरलेली. काचेवर धुराचा पिवळट थर होता. तिने तो बोटाने पुसला, मग कशाला पुसतेय म्हणून थांबली. आई वाटी घेऊन दारात येऊन उभी राहिली.

"काय करतेस?"

"दुरुस्ती."

"बिघडलाय?"

"नाही. जुना झाला."

"जुना झाला म्हणून काढायचा होय?" आई म्हणाली. मग जवळ येऊन तिने स्टूल एका हाताने धरलं. "हळू उतर. घसरतं ते."

सुमियातीने हसू दाबलं. जेवताना आईने माशाचा काटा काढला, मासा तिच्या भातावर ठेवला. बोलणं झालं नाही. अंधार पडायच्या आत सू-येन गाडीला निघाली. अंधार पडल्यावर आई वर बघणार, तेव्हा तिथे असण्याची तिची छाती नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कचेरी रिकामी व्हायला लागली तशी तिने मोबाइल टेबलावर टेकवला. चित्र चांगलं होतं. चो उगाच घाबरत होता. कोपऱ्यातली आईची काठी, फरशीच्या सांधी, पलंगाखालच्या सपाता, सगळं दिसत होतं. आईने झडपा लावल्या, दिवा मालवला, पलंगाच्या कडेला बसली आणि वर बघितलं. चित्रात तिच्या बाहुल्या मोठ्या, पांढुरक्या चमकत होत्या. त्या कपाटावर फिरत राहिल्या. आधी मध्ये, मग डावीकडे, मग छताला. सू-येनला वाटलं आपण चोरी करतोय आणि पकडले जातोय.

"आहात का?" आई म्हणाली.

स्वयंपाकघरात सुमियाती काहीतरी तळत होती, तेलाचा आवाज येत होता.

"गेलात होय?" आई हळूच म्हणाली. "पुन्हा पुलावर कोणी विसरलं की काय."

शिंपल्यांचं ती काही बोलली नाही, ओउ म्हाताऱ्याचं नाही. तिने उशीखालून नाणी काढली, मुठीत धरून बसली. मग एकदम, रोजचा नेम मोडायचा नाही म्हणून, म्हणाली, "पोरगी जेवली का?" आणि टाकली. एक नाणं पलंगाच्या पायाशी आडवं झालं. दुसरं घरंगळत डाव्या सपातेला टेकलं. सू-येनला दोन्ही दिसत होती. एक छापा, एक काटा. आईला काही दिसत नव्हतं. ती खाली वाकली, मग कण्हत गुडघ्यावर आली, दुखऱ्या गुडघ्यावर, आणि तळहाताने फरशी चाचपायला लागली. एक नाणं हाती लागलं. दुसरं लागेना. हात सपातेच्या अलीकडे येऊन परत जाई, पुन्हा येई, पुन्हा परत जाई. "हो की नाही तेवढं तरी सांगा," ती जमिनीला म्हणाली.

सू-येनचा अंगठा बटणावर गेला. तिने ठरवलं काहीच नव्हतं.

"सपातेपाशी," ती म्हणाली. "डाव्या."

आईचा हात थांबला. मग डाव्या सपातेपाशी गेला, नाण्यावर पडला आणि तसाच राहिला.

"होकार आहे," सू-येन म्हणाली. "एक छापा, एक काटा."

आई जमिनीवर नीट बसली. पाठ पलंगाला टेकली. अंधारात तिने मान वर केली, कपाटाच्या दिशेने, थोडी चुकून.

"जेवली?"

"जेवली."

"काय जेवली?"

सू-येनने पुढ्यातल्या डब्याकडे बघितलं. झाकण अजून उघडलंही नव्हतं. "भात. मासा. कोबी."

"काटे काढले?"

"काढले."

"बरं," आई म्हणाली. नाणी तिने पदराने पुसावीत तशी सदऱ्याच्या टोकाने पुसली. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू ओळख पटत येते तसं काहीतरी आलं.

"अहो," आई म्हणाली, "तुमचा आवाज तिच्यासारखा झालाय हो."

तेलाचा आवाज थांबला. सुमियाती आता ताट घेऊन येईल, दिवा लावील. आईलाही ते कळलं असावं, कारण ती घाईने, आवाज खाली आणून बोलली.

"मी रोज विचारते म्हणून तिला सांगू नका. आधीच दमलेली असते. गाडी पकडून धावत येईल उगाच."

"नाही सांगत," सू-येन म्हणाली.